पांढरी एकात गायलं, काळी एकात वाजलं

गंगाखेडजवळच्या आमच्या गावात टेपरेकॉर्डरचे सेल उतरत आले की गाणाऱ्या बाईचा हळूहळू बाप्या व्हायचा. लय रेंगाळायची, आवाज जाड व्हायचा. काका सेल काढून उन्हात ठेवायचे आणि तासाभरानं बाई परत बाई. (उन्हानं सेल भरत नाहीत. ऊब लागली की आतली रासायनिक क्रिया जरा वेग धरते आणि विश्रांतीनंही थोडा जोर येतो, एवढंच.)

हे परवा आठवलं ते बीटल्स या इंग्लंडमधल्या गायक-वादकांच्या बँडच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर' अल्बमवरचा माहितीपट पाहताना. १९९२ सालच्या या माहितीपटात निर्माते जॉर्ज मार्टिन मिक्सरपाशी बसून मूळ टेपवरचा एकेक ट्रॅक, म्हणजे स्वतंत्र रेकॉर्डिंगची पट्टी, सुटा करून ऐकवतात. ट्रॅक चारच. ते भरले की सगळे एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि रिकाम्या झालेल्या जागेत पुढची वाद्यं घ्यायची. हे थोरच आहे, पण माझं मन अडकलं ते त्या काळच्या दुसऱ्या एका युक्तीत.

या अल्बममधलं 'व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर' बीटल्समधला पॉल मॅकार्टनी पेटीवरच्या (हार्मोनियमवरच्या) पांढरी एक या पट्टीत गायला. रेकॉर्डवर ते लगतच्या वरच्या पट्टीत, काळी एकात आहे. आवाज कोवळा वाटावा म्हणून टेपचा वेग वाढवला. किती? पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत कंपनसंख्येचा फरक साधारण ६ टक्के असतो. पांढरी एक २६१.६ हर्ट्झ (सेकंदाला एवढी कंपनं), काळी एक २७७.२. म्हणजे टेप ६ टक्के जोरात पळवली की काम झालं. तीन मिनिटांचं गाणं त्यात दहा सेकंदांनी आखूड होतं.

टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या फितीवर बसवलेली लोहाच्या ऑक्साइडची भुकटी. आवाजाबरोबर हेडमधला (फितीवर आवाज उमटवणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागातला) विद्युतप्रवाह खालीवर होतो आणि समोरून सरकणाऱ्या भुकटीवर तसेच चुंबकीय पट्टे उमटत जातात. वेळेत घडलेला आवाज इथं लांबीत मोजता येतो. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. ४४० हर्ट्झच्या सुराची एक लहर तिच्यावर जेमतेम ०.११ मिलिमीटर जागा घेते. स्टुडिओतली टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर पळते, तिथं तीच लहर ०.८७ मिलिमीटरची. वाजवताना हेडला फक्त एवढंच कळतं की सेकंदाला किती लहरी समोरून गेल्या. फीत जोरात पळाली की लहरी जास्त जातात आणि सूर चढतो, त्याबरोबर लयही चढते. दोघांची गाठ सुटत नाही.

पण मॅकार्टनी सरळ काळी एकात गायला असता तर? सूर तोच लागला असता, कोवळेपणा मात्र आला नसता. इथं खरी गंमत आहे. पुरुषाच्या स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची नळी सुमारे १७ सेंटिमीटर. एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडी अशा नळीत ध्वनीच्या वेगाचा हिशेब केला तर ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो. या घुमण्याच्या जागांना फॉर्मंट म्हणतात. आपण पट्टी बदलतो तेव्हा स्वरतंतूंची कंपनं बदलतात, नळी जवळपास तेवढीच राहते. टेप पळवली की फॉर्मंटही ६ टक्क्यांनी चढतात: ५३०, १५९०, २६५०. आपल्या कानाला ही १६ सेंटिमीटरची नळी वाटते. चोवीस वर्षांच्या गायकाचा गळा टेपनं एक सेंटिमीटर आखूड केला! आमच्या टेपरेकॉर्डरवर उलटं घडत होतं. बाईची नळी साडेचौदा सेंटिमीटर धरा. वेग १५ टक्क्यांनी पडला की ती १७ ची होते, आणि बाप्या गायला लागतो.

आता भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या त्या मेसेजबद्दल. '४३२ हर्ट्झ हा ब्रह्मांडाचा सूर, ४४० नं रोग होतात.' ४४० हा वाद्यं जुळवायचा आजचा प्रमाण सूर. ४४० चं ४३२ करायला टेप १.८ टक्का हळू चालवली की पुरते. पेटीवरच्या एका पट्टीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही हा फरक कमी आहे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आणि दिवसाचे ८६,४०० तुकडे करून सेकंद माणसानंच ठरवला. ब्रह्मांडाला त्याचं काय? शिवाय आपल्याकडे 'सा' कुठल्याही आकड्याला बांधलेला नाही. आमच्या मंडळात कुणी काळी दोनमध्ये गातं, कुणी काळी चारमध्ये, आणि अभंग दोन्हीकडे तितकाच लागतो. उतारवयातल्या आजारी माणसांना असले आकडे औषध म्हणून पाठवू नयेत, ही कळकळीची विनंती.

सूर आणि लयीची गाठ आता संगणक सोडवतो. आवाजाचे मिलिसेकंदांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे करायचे, प्रत्येकातल्या कंपनसंख्या आणि त्यांची कला म्हणजे फेज (लहर त्या क्षणी कुठवर आली आहे ते) मोजायची, मग तुकडे नव्या अंतरावर मांडताना कला जुळवून घ्यायची. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत ही 'फेज व्होकोडर' पद्धत १९६६ मध्ये मांडली गेली; मॅकार्टनीनं ते गाणं गायलं तेही त्याच वर्षी. मोबाइलवर व्हिडिओ दीडपट वेगानं लावला तरी बोलणाऱ्याचा आवाज चिरका होत नाही, तो असल्याच पद्धतींमुळे.

घरातल्या आजीची जात्यावरची ओवी रेकॉर्ड करून घ्या. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात आधी 'स्पीड' ६ टक्के वाढवा, मग मूळ ओवी घेऊन फक्त 'पिच' एका पट्टीनं. 'स्पीड' वाढवलेल्या ओवीत सुराबरोबर लयही चढलेली ऐकू येईल आणि आजी थोडी तरुण वाटेल; 'पिच'वाल्या ओवीत लय मूळचीच राहील.