जावा फर्नला सिलिंडर लागत नाही हो!

माशांच्या टाकीत जिवंत झाडं लावायची तर सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) सिलिंडर, महागडी माती, भारी लाईट पाहिजेच, नाहीतर सडतात, हे किती वर्षं ऐकतोय. अहो, जावा फर्न आणि अनुबियास या पाण्यातल्या झाडांना यातलं काहीच लागत नाही, साधा एलईडी ६-८ तास लावला की झालं, खताचं बरंचसं काम माशांची घाणच करते. मग सडतात का? कारण ते जाड आडवं खोड, ज्यातून पानं वर आणि मुळं खाली येतात, तेच आपण वाळूत गाडतो!! ते उघडंच ठेवायचं, दोऱ्याने दगडाला बांधायचं, बास. आणि फर्नच्या पानामागे काळे ठिपके दिसले तर कापू नका (मी कापलीत, हसा), रोग नाही तो, बीजाणूंचे पुंजके असतात.