डोंगरवस्तीवरील मुलांमधील कोविड (सातारा जिल्हा)

महाबळेश्वर, जावळी आणि पाटण तालुक्यांतील सह्याद्रीच्या माथ्यावरच्या व कोयना खोऱ्यातल्या गरीब वाड्यावस्त्यांवर मुलांना होणारा कोरोना विषाणूचा संसर्ग. मोठ्यांच्या मानाने मुलांमध्ये हा आजार बहुधा सौम्य असतो. ताप, सर्दी, खोकला, कधी जुलाब होऊन मूल चार-पाच दिवसांत खेळायला लागते. त्यामुळे वस्तीवर पुष्कळदा घरच्यांना ‘पावसाची सर्दी’ एवढेच वाटते.

उंचीविषयी मात्र गैरसमज होऊ शकतो, म्हणून नीट सांगायला हवे. वैद्यकशास्त्रात साधारणपणे २,५०० मीटरच्या वरची वस्ती अतिउंचावरची धरतात. बोलिव्हियातील ला पाझ सुमारे ३,६०० मीटरवर, तर त्याच्या शेजारचे एल आल्तो ४,००० मीटरच्याही वर आहे. तिथल्या धडधाकट मुलाच्या रक्तातील ऑक्सिजनही मैदानातल्या मुलापेक्षा कमी भरतो, आणि ‘ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला की दवाखाना’ हा आपला निकष तिथे जसाच्या तसा चालत नाही. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे, कास पठार सुमारे १,२०० मीटरवर. इथे निरोगी मुलाचा ऑक्सिजन ९५ च्या आसपास किंवा वरच राहतो. ऑक्सिमीटरवर ९१ दिसले आणि कोणी ‘उंचीवर एवढं चालायचंच’ म्हणाले, तर ते मुळीच ऐकू नये. भिजून आलेल्या पोराच्या गारठलेल्या बोटावर यंत्र चुकते हे खरे. बोट पुसावे, चोळून ऊबदार करावे, मूल शांत झाल्यावर पुन्हा मोजावे. तरीही आकडा तोच राहिला तर दवाखाना गाठावा.

यंत्र नसले तरी श्वास मोजता येतो. मूल शांत असताना अंगातला सदरा वर करून पूर्ण एक मिनिट छाती-पोटाकडे पाहायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, किंवा बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर थांबू नये. आशाताईंना ही मोजणी न्यूमोनियासाठी आधीपासून ठाऊक आहे. सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर ताप आणि ऑक्सिजनही तपासला गेला.

खरा घात अंतर आणि गरिबी करतात. घर एका खोलीचे, त्यातच चुलीचा धूर. आजारी माणसाला वेगळे ठेवणार कुठे? घरटी कोणी ना कोणी मुंबईत माथाडी कामाला. २०२० च्या टाळेबंदीत ही माणसे गावी परतली. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या गावांना दवाखान्यासाठी लाँचने बामणोली किंवा तापोळ्याला यावे लागते.

संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी क्वचित एखाद्या मुलाच्या अनेक अवयवांना एकदम सूज येते. सलग ताप, लाल डोळे, पुरळ, उलट्या, जोराची पोटदुखी ही त्याची लक्षणे. पहिली सर्दी सगळे विसरलेले असतात, म्हणून ही पोटदुखी साधी समजली जाते. हृदयावर परिणाम होऊ शकत असल्याने अशा मुलाला मोठ्या रुग्णालयातच न्यावे लागते.

१५ ते १७ वर्षांच्या मुलांचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी, तर १२ ते १४ वर्षांच्या मुलांचे १६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. त्याहून लहान मुले राष्ट्रीय मोहिमेबाहेरच राहिली.