आपला ओटा कुठून आला: नवीन किचन करण्याआधी थोडी पार्श्वभूमी

नवीन किचन करायला घेतलं की दुकानात पहिल्याच दिवशी वीस नावं कानावर पडतात, ग्रॅनाईट, क्वार्ट्झ, मरीन प्लाय, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक, ३०४ स्टील, आणि डोकं गरगरायला लागलं की आपण शटरचा रंग बघून मोकळे होतो. आमचंही पहिल्या वेळी तेच झालं. यंदा दुसऱ्यांदा करताना मी आधी थोडं खणून काढलं, की हे प्रत्येक मटेरियल आपल्याकडे कशाच्या जागी आलं, आणि खरंच सांगते, तेवढं कळलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

मुळात ओटा आपल्याकडे जुना नाहीच. चूल जमिनीवर, सारवलेली जमीन, बसायला पाट, चिरायला विळी, भांडी मोरीत, म्हणजे सगळा स्वयंपाक बसून. मग स्टो आला (स्वीडनमध्ये १८९२ साली प्रायमस निघाला, आपला पंपाचा स्टो त्याच जातीचा) आणि पुढे गॅस आला. गॅसचा नियम असा की शेगडी सिलेंडरपेक्षा वरच्या पातळीला हवी, त्यामुळे सिलेंडर खाली आणि शेगडी वर अशी मांडणी करणं भागच पडलं आणि घरोघरी उभ्याचा ओटा आला. विळी मात्र बरीच वर्षं जमिनीवरच राहिली, आई भाजी खाली बसून चिरायची आणि फोडणीला उठायची.

या ओट्यावर पहिला दगड बसला तो कडप्पा. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचं नावच त्याला पडलं, जसं फरशीला कर्नाटकातल्या शहाबादचं आणि राजस्थानातल्या कोट्याचं. हे तिन्ही चुनखडीचे दगड, थराथराने सुटणारे, म्हणजे खाणीतच सपाट लाद्या निघतात, कापायला फार कष्ट नाहीत म्हणून स्वस्त. ओटा कडप्प्याचा, मांडणी कडप्प्याची, कपाटातले खणही कडप्प्याचेच. वाळवी नाही, कुजणं नाही, डबे कितीही ठेवा. मी तर म्हणते खालच्या खणांसाठी आजही याच्यासारखं काही नाही.

पण चुनखडीचं आणि आंबटाचं वैर. आमच्या जुन्या ओट्यावर शेगडीच्या डावीकडे एक पांढुरका गोल होता, अर्धं पिळलेलं लिंबू उपडं ठेवायची आईची जागा. ती रोज घासायची, डाग जायचा नाही, कारण तो डाग नव्हताच, लिंबाच्या आम्लाने दगडाचा वरचा गुळगुळीत पापुद्रा खाल्लेला होता. आपल्या स्वयंपाकात चिंच, आमसूल, ताक, लिंबू रोजचंच. पितळेच्या पातेल्यांना कल्हई लावायची ती याच आंबटापायी, नाहीतर आमटी कळकायची. बोहारणीला जुने कपडे देऊन स्टीलची भांडी घ्यायची पद्धत पडली आणि कल्हईवाले दिसेनासे झाले त्यामागेही हेच, स्टीलला आंबट चालतं.

ग्रॅनाईटला ते वैर नाही. तो सिलिकेट खनिजांचा, लिंबाने त्याला काही होत नाही, पण तो थराने सुटत नाही, हिऱ्याच्या पात्यांनी कापावा लागतो आणि पॉलिशला मशीन लागतं, म्हणून तो स्वयंपाकघरात उशिरा आला, साधारण नव्वदच्या दशकात फ्लॅटमधून सगळीकडे दिसायला लागला. (काळा ग्रॅनाईट म्हणून जो विकतात तो भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने बऱ्याचदा डोलेराईट किंवा गॅब्रो असतो, ओट्याला तोही उत्तम.) दुकानातून हातभर तुकडा घरी आणायचा, त्यावर लिंबू पिळून रात्रभर ठेवायचं, सकाळी चमक गेली असेल तर तो दगड घ्यायचा नाही.

मॉड्युलर म्हणतात त्याचं मूळ जर्मनीत. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, रेल्वेच्या डब्यातल्या किचनचा अभ्यास करून, जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर, आणि तशी सुमारे दहा हजार बसवली. मला त्यातलं सगळ्यात काय आवडलं तर लाकडाची निवड. पिठाचा खण ओकचा, त्याने अळ्या दूर राहतात म्हणून, आणि चिरायचा पृष्ठभाग बीचचा, कारण त्यावर डाग आणि सुरीच्या खुणा कमी पडतात. रंगाच्या आधी काम, इतकं साधं. आपल्याकडे मात्र मॉड्युलर हा शब्द रुळायच्या आधी 'ट्रॉल्या बसवल्या' हाच शब्द होता, ओटा तोच आणि खाली स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या.

या ट्रॉल्यांच्या दारांवर सनमायका. हे खरं तर एका कंपनीचं नाव, आता सगळ्याच लॅमिनेटला पडलंय. अमेरिकेत १९१३ च्या सुमारास दोन इंजिनियरांनी विजेच्या कामात अभ्रकाच्या म्हणजे मायकाच्या ऐवजी वापरायला रेझिनमध्ये (वाळून घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवून दाबलेले थर काढले, म्हणून 'फॉर मायका', फॉर्मिका. पुढे टेबलांवर कागदाचेच थर आले, ते उष्णतेला आणि हळदीलाही बऱ्यापैकी टिकतात.

पण लॅमिनेट वरचं झालं, किचन टिकतं ते आतल्या प्लायवर, आणि आम्ही तिथेच फसलो. पहिल्या वेळी सुताराने सिंकखाली साधा कमर्शियल प्लाय घातला, आम्ही विचारलंच नाही. दोन पावसाळ्यांत सिंकच्या पाइपाचं थेंबथेंब पाणी मुरून तळ फुगला, आणि एक दिवस मी खालची बाटली उचलली तर तिच्याबरोबर भाकरीच्या पापुद्र्यासारखा लाकडाचा थर उचलून आला. दार बाहेरून नवं कोरं होतं.

कमर्शियल म्हणजे एमआर प्लाय युरिया रेझिनने चिकटवतात, तो दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. मरीन प्लायला फिनॉलचं रेझिन, आयएस ७१० हे त्याचं भारतीय मानक, त्यात नमुना ७२ तास उकळून बघतात. लाकडाचीही एक गोष्ट आहे. पूर्वी आपला बराच प्लाय आसाम-अरुणाचलच्या जंगलातून यायचा. १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने गोदावर्मन खटल्यात तोडीवर कडक बंधनं घातली, तिथल्या कितीतरी गिरण्या थांबल्या आणि धंदा हरियाणातल्या यमुनानगरकडे सरकला, शेतात लावलेल्या पॉप्लर आणि निलगिरीवर. ही झाडं लवकर वाढतात पण लाकूड हलकं. प्लायचं गर्जन नावाचं जड लाकूड म्यानमारमधून यायचं, त्यांनी २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यामुळे आता 'गर्जनचा आहे' एवढ्यावर भागत नाही, आयएस ७१० चा शिक्का वाचायचा, तोही प्रत्येक शीटवर.

स्टीलचं थोडक्यात. सिंक आणि ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या घ्या, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, स्वस्त पडतं पण मिठाच्या पाण्याने लवकर गंजतं, कोकणात तर अजूनच लवकर. लोहचुंबकाने मात्र दोघांतला फरक कळत नाही, दोन्हींना तो नीट चिकटत नाही, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या.

क्वार्ट्झ सगळ्यात नवा. दगडाचा चुरा आणि रेझिन दाबून तो करतात, इटलीतल्या ब्रेटॉन कंपनीच्या मशिनरीने हा धंदा जगभर पसरला. दिसतो सुंदर, डाग धरत नाही, पण आत रेझिन असल्याने गरम कढई थेट टेकवली की खूण उमटू शकते, आणि आपल्याकडे कढई टेकवली जातेच. दुसरी गोष्ट मला जास्त लागली. यात सिलिका (वाळूत असतं ते खनिज) ९० टक्क्यांच्या वरही असते, कोरडा कापताना उडालेली बारीक धूळ कारागिरांच्या फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली ती याच कारणाने.

आम्ही काळा ग्रॅनाईटच घेतला. धूळ त्याचीही वाईटच. सिंकचं भोक पाडायला आलेला मुलगा तोंडाला नुसता रुमाल बांधून गच्चीवर कटर सुरू करणार होता, त्याला थांबवलं, मास्क आणून दिला, टाकीचा पाइप वर ओढला आणि पूर्ण कटिंग होईपर्यंत नवरा पात्यावर पाण्याची बारीक धार धरून उभा राहिला. काळा चिखल कठड्यापर्यंत वाहिला, पण हवेत धूळ उडाली नाही.