पेट्रोलची रेघ

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा रात्री तो ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा व्हिडिओ गेम खेळत होता आणि मी शेजारी बसून बघत होते. कोपऱ्यातल्या नकाशावर मिशनची खूण दिसत होती. तिथं गेलं की कथा पुढे सरकणार, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. रस्त्यावरच्या गाड्या एकेक करून पळवून आणायच्या आणि मोकळ्या जागेत एकामागे एक लावायच्या, असा त्याचा उद्योग चालला होता. आठ गाड्या जमल्यावर त्याने पेट्रोलचा कॅन काढला, गाड्यांपासून पलीकडच्या गल्लीपर्यंत पेट्रोलची रेघ ओतत नेली आणि टोकाला गोळी झाडली. ज्योत रेघेवरून पळत गेली. पहिली गाडी उडाली, तिच्यापाठोपाठ दुसरी, मग तिसरी. चौथी मात्र नुसती सरकली आणि साखळी तिथंच तुटली. भाचा खुर्चीत पुढे सरसावला. “मावशी, अंतर जास्त पडलं गं,” म्हणाला आणि पुन्हा गाड्या गोळा करायला निघाला.

यातून त्याला पैसे मिळणार नव्हते, गेमही पुढे सरकणार नव्हता. उलट पोलीस मागे लागले होते. तरी तासभर तो त्यातच रमला होता.

अशा गेम्सना ओपन वर्ल्ड सँडबॉक्स म्हणतात. अख्खं शहर किंवा अख्खा प्रदेश समोर मोकळा. कुठंही जा, कशालाही हात लावा. भाचा खेळत होता तो गेम सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पहिल्या तीन दिवसांतच त्याची विक्री एक अब्ज डॉलरवर गेली आणि आजवर त्याच्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. लोकांना यात एवढं काय आवडतं, असं विचारलं की बहुतेक जण ‘मारधाड’ म्हणून मोकळे होतात. मला हे उत्तर पटत नाही. नुसत्या मारधाडीचे गेम्स ढिगाने आले आणि विस्मरणात गेले. भाच्याच्या चेहऱ्यावर मला राग किंवा सूड दिसला नाही. दिसली ती प्रयोग फसल्यावरची हुरहुर.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या मालिकेचा जन्मच एका चुकीतून झाला. १९९५ च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात डीएमए डिझाइन ही कंपनी ‘रेस अँड चेस’ नावाचा गेम बनवत होती. वरून दिसणारं शहर, त्यात चोर-पोलीस. काम रखडत होतं, खेळायला मजा येत नव्हती. मग एके दिवशी प्रोग्राममधल्या एका दोषामुळे पोलिसांच्या गाड्या पिसाळल्या. खेळाडूच्या गाडीला अडवण्याऐवजी त्या सरळ तिच्या अंगावर यायला लागल्या, जणू त्यांना तिच्या आरपारच जायचं होतं. कंपनीतली माणसं मिशन सोडून त्या पाठलागातच रंगली. त्या चमूतल्या गॅरी पेन यांनी पुढे हा किस्सा जाहीरपणे सांगितला. दोष थोडा माणसाळवून गेममध्येच ठेवला गेला आणि १९९७ मध्ये तो ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या नावाने बाजारात आला.

पिसाळलेला पोलीस एवढा गमतीचा का वाटला असेल? कारण तो कुणी आधी लिहून ठेवलेला प्रसंग नव्हता. पोलिसांचे नियम, रस्त्यांचे नियम आणि खेळाडूची मर्जी यांची टक्कर होऊन तो दर वेळी नव्याने घडत होता.

यामागचं गणित साधं आहे. एखाद्या गेममध्ये १०० प्रकारच्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा दुसऱ्या प्रत्येकीवर काहीतरी परिणाम होऊ शकतो, असं धरू. म्हणजे ४,९५० जोड्या झाल्या. तीन-तीन गोष्टी एकत्र आल्या तर १,६१,७०० त्रिकुटं. एवढे प्रसंग कोणताही लेखक बसून लिहू शकणार नाही. पण नियम मोजके आणि पक्के असतील, तर ते आपोआप घडतात.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण माझ्या मते निन्तेन्दोचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७). त्यात वस्तूंच्या हालचाली सांभाळणाऱ्या फिजिक्स इंजिनाच्या जोडीला एक ‘केमिस्ट्री इंजिन’ आहे. त्याच्या कर्त्यांनी त्याच वर्षी विकसकांच्या एका परिषदेत त्याचे तीन नियम मांडले होते. आग, पाणी, वीज, वारा ही तत्त्वं पदार्थाची अवस्था बदलू शकतात, म्हणजे आगीने लाकूड पेटतं. ती एकमेकांनाही बदलू शकतात, म्हणजे पाण्याने आग विझते. पदार्थ मात्र पदार्थाची अवस्था बदलू शकत नाही. संपलं, एवढेच नियम. आता बघा. गवत पेटवलं की वर जाणारा गरम वारा तयार होतो. छत्रीसारखं कापड उघडलं की तो वारा तुम्हाला आकाशात उचलतो. वादळात अंगावर लोखंडी तलवार असेल, तर वीज तुमच्यावर पडते. मग कुणाला तरी सुचतं की तलवार शत्रूच्या पायाशी टाकून आपण लांब पळावं. तिथं वीज आणि लोखंड यांचं नातं तेवढं लिहिलेलं होतं, डाव खेळणाऱ्याला सुचला.

आता गोंधळाकडे वळू. संगणकाच्या जगात काळ सलग वाहत नाही. सेकंदाचे ३० किंवा ६० तुकडे करून प्रत्येक तुकड्यात ‘कोण कुठं आहे’ याचा हिशेब होतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात जवळजवळ २८ सेंटिमीटर. आधीच्या हिशेबात ती भिंतीच्या अलीकडे होती, पुढच्या हिशेबात एकदम भिंतीच्या आत घुसलेली सापडते. खऱ्या जगात हे शक्य नाही, म्हणून प्रोग्राम तिला बाहेर ढकलतो. आणि बऱ्याच पद्धतींमध्ये गाडी जितकी खोल रुतलेली, तितका हा धक्का जोराचा. दोन वस्तू एकमेकींत विचित्र अडकल्या तर असे धक्के साठत जातात. २००८ च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ मध्ये लिबर्टी सिटी या काल्पनिक शहरातला एक झोपाळा यासाठी प्रसिद्ध झाला. त्याच्यात गाडी अडकवली की क्षणभर ती थरथरते आणि मग गोफणीतल्या दगडासारखी घरांवरून उडून जाते. लोकांनी या झोपाळ्यावर तासन्‌तास घालवले.

स्वीडनच्या कॉफी स्टेन कंपनीने तर या धक्क्यांवरच अख्खा गेम उभा केला. १ एप्रिल २०१४ ला आलेल्या ‘गोट सिम्युलेटर’मध्ये तुम्ही एक बोकड आहात आणि समोर दिसेल ते उधळायचं. गेम बंद पाडणारे दोष तेवढे कंपनीने दुरुस्त केले, बाकीचे जाणूनबुजून राहू दिले. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. उधळण कितीही वेडीवाकडी असली तरी तिच्यामागे नियम असतो. नियमच नसता तर चौथी गाडी का उडाली नाही, हा प्रश्नच पडला नसता.

हे वेड पाळण्यापासूनचं आहे. १९६९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही यांनी अगदी साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या घोट्याला मऊ फीत बांधायची आणि तिचं दुसरं टोक पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याला, म्हणजे चिमणाळ्याला. पाय हलला की चिमणाळं हलणार. काही मिनिटांतच बाळं जोरजोरात पाय झाडू लागली. काही बाळांच्या डोक्यावरही चिमणाळं हलत होतं, पण त्यांच्या पायाशी त्याचा संबंध नव्हता. त्यांनी पाय झाडणं वाढवलं नाही. म्हणजे नुसतं हलणारं चिमणाळं बघण्यापेक्षा ‘हे मी हलवलं’ यात गोडी होती. त्याच्याही ७० वर्षं आधी कार्ल ग्रूस या जर्मन विचारवंताने खेळाविषयी लिहिताना ‘घडण्याचं कारण आपण असण्याचा आनंद’ असा शब्दप्रयोग केला होता. चमचा पुन्हा पुन्हा खाली टाकणारं पोर ज्या घरात आहे, त्या घराला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

आणखी एक धागा मेंदूच्या आत जातो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली तेव्हा असं दिसलं, की रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला तर पेशी उसळतात. तोच थेंब ठरलेल्या इशाऱ्यानंतर नेहमी मिळू लागला, की थेंबाच्या वेळी त्या शांत राहतात आणि इशाऱ्याच्या वेळी उसळतात. थेंब आलाच नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही मंदावते. अंदाज आणि घडलेलं यातला फरक मेंदू असा मोजत असतो. भाच्याचा अंदाज आठ गाड्यांचा होता, उडाल्या तीन. तो फरक त्याला पुन्हा गाड्या गोळा करायला पाठवत होता, असं मला वाटतं.

आईवडिलांची काळजी मी समजू शकते. हे गेम्स रक्तरंजित आहेत, युरोपात ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ला १८ वर्षांवरचा शिक्का आहे आणि तो पाळलाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याने माणूस हिंसक होतो का, हे तपासलं गेलं आहे. जर्मनीत सिमोन क्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७७ प्रौढांचे तीन गट केले. एक गट दोन महिने रोज हाच गेम खेळला, दुसरा ‘द सिम्स ३’ हा मारधाड नसलेला गेम, तिसरा काहीच नाही. आधी, लगेच नंतर आणि आणखी दोन महिन्यांनी आक्रमकता, सहानुभूती वगैरेंच्या चाचण्या घेतल्या. हिंसक गेममुळे आक्रमकता वाढल्याचं दिसलं नाही. हा अभ्यास मोठ्या माणसांवरचा होता, त्यावरून आठवीतल्या मुलाला मोकळीक देऊ नये. आणि झोप, अभ्यास, माणसं सोडून कुणी खेळतच राहत असेल, तर ती वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश त्यासाठीच झाला आहे.

भाचा तिसऱ्यांदा गाड्या लावत होता तेव्हा मला आमच्या वाड्यातला दिवाळीचा किल्ला आठवला. चार दिवस माती कालवून, पोत्यावर गेरू मारून, अळीव पेरून तो उभा करायचो. दिवाळी सरली की शेवटचा सुतळी बॉम्ब त्याच्यासाठी राखून ठेवलेला असे. एका वर्षी आम्ही तो माथ्यावर ठेवला. नुसती माती उडाली आणि महाराजांचं सिंहासन आम्ही आधीच हलवलं होतं म्हणून वाचलं. पुढच्या वर्षी पायथ्याशी लावला, तर एक बाजू ढासळली, पण बुरूज जागच्या जागी. मग मोठ्या भावाने बरंच डोकं खाजवलं. त्याच्या पुढच्या वर्षी विटा रचायला बसलो तेव्हा त्याने पहिल्यांदा काय केलं असेल, तर बुरुजाच्या बरोबर खाली हात जाईल एवढा बोगदा सोडला, आणि त्यावर किल्ला बांधायला घेतला.