रेंज उंबरठ्यापाशी का अडते?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यातही दिसू लागले. प्रक्षेपणाच्या काठावरच्या गावांनी मग आपले उपाय शोधले. कौलांवर उंच पाइप, त्याला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना, खाली बूस्टरची डबी, आणि पाइप फिरवत “आता आलं का?” असे ओरडणारा कोणीतरी. घरात मोबाइलला रेंज नाही म्हटले की आपल्याला आजही आधी बूस्टरच आठवतो, तो या सवयीतून. पण टीव्ही नुसता ऐकतो. मोबाइलला उलट बोलावेही लागते, आणि घरातल्या रेंजचे तांत्रिक व कायदेशीर असे दोन्ही गुंते या फरकापाशी सुरू होतात.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीच्या संचार भवनातले दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळात मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. मोबाइल हे फिरतीवरच्या माणसाचे साधन होते. घरात काळा किंवा लाल लँडलाइन फोन होताच, त्यामुळे स्वयंपाकघरात रेंज येते का हा प्रश्न कोणाला पडायचे कारण नव्हते. टॉवर रस्ते, बाजार आणि कचेऱ्या डोळ्यांसमोर ठेवून उभे राहिले.

२००३मध्ये इनकमिंग फुकट झाले, दर पडले, आणि पुढच्या काही वर्षांत घरोघरच्या लँडलाइन सुटत गेल्या. घरातला फोन म्हणजे मोबाइल असे झाले, पण जाळ्याची आखणी मात्र बाहेरचीच राहिली. सेवेच्या दर्जाची तपासणी पाहा. मोजणीची यंत्रे लावलेली गाडी शहरातून फिरते, आणि रस्त्यावरचा सिग्नल ठरावीक पातळीपेक्षा जोरदार मिळाला की तो इमारतीच्या आतही पुरेल असे धरले जाते. माझ्या मते सगळ्या कहाणीतली सर्वांत बोलकी गोष्ट हीच. घरातली रेंज घरात न जाता ठरवली गेली.

मधल्या काळात लहरी बदलल्या, भिंतीही बदलल्या. सुरुवातीची जीएसएम, म्हणजे टूजी, सेवा ९०० मेगाहर्ट्झ वारंवारितेवर होती. मग १८०० आले, थ्रीजीसाठी २१००, फोरजीत २३००, आणि ऑक्टोबर २०२२पासून फाइव्हजीसाठी साधारण ३५००. तीच ताकद आणि तेच अंतर धरले तर ९००वरून १८००वर जाताना हाती येणारा सिग्नल चौथाई होतो. ३५००वर तो सुमारे पंधरावा हिस्सा उरतो. त्यावर भिंतींची वजावट वेगळी, आणि वारंवारिता वाढेल तशी तीही सहसा वाढते. जुन्या वाड्याच्या लाकडी खिडक्यांतून लहरी सहज आत येत. आरसीसीच्या भिंतीत लोखंडी सळ्यांचे जाळे असते. ऊन अडवणाऱ्या नव्या काचांवर धातूचा अतिपातळ थर असतो, आणि अशी काही काच सिग्नल हजारपटीनेही कमी करते. घर जितके नवे आणि चकचकीत, तितकी रेंज वाईट, असा उफराटा अनुभव अनेकांना येतो तो यामुळे.

भिंतीपलीकडे जायला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा सर्वांत सोयीचा. सरकार असे पट्टे लिलावाने कंपन्यांना देते, आणि २०१६च्या लिलावात त्याची किंमत इतकी चढी ठेवली होती की कोणी तो घेतलाच नाही. २०२१मध्येही तेच झाले. अखेर २०२२मध्ये जिओने तो घेतला. घरात उत्तम पोहोचणारी लहर सहा वर्षे सरकारी वहीत पडून होती.

आता उलट दिशेकडे पाहू. जुना टूजी हँडसेट ९००वर जास्तीत जास्त २ वॉट ताकदीने बोलू शकत असे. आजचा फोरजी फोन साधारण ०.२ वॉटवर थांबतो. टॉवरचा आवाज आत येतो, पण फोनचा आवाज टॉवरपर्यंत जात नाही. पडद्यावर दोन काड्या दिसत असूनही “हॅलो, हॅलो” का करावे लागते, त्याचे बऱ्याचदा हे उत्तर असते.

टॉवर वाढवावेत तर त्यालाही अडचणी होत्या. किरणोत्सर्गाच्या भीतीने अनेक सोसायट्यांनी गच्चीवर टॉवर नाकारला. १ सप्टेंबर २०१२पासून सरकारने टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. ९००साठी ती चौरस मीटरला ०.४५ वॉट झाली. लांबच्या एका टॉवरने जोर लावण्याला त्यामुळे आणखी मर्यादा आली आणि एकमेकांजवळ, लहान टॉवर लावणे भाग पडले. जागा मात्र कोणी देईना. टॉवर शेजारच्या इमारतीवर असावा आणि रेंज आपल्या घरात यावी, हा आपला सामाजिक करार.

२०१५मध्ये कॉल तुटण्याच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, तुटलेल्या कॉलमागे एक रुपया भरपाईचा नियम केला, दिवसाला जास्तीत जास्त तीन. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

या पोकळीत बूस्टरचा बाजार वाढला. गच्चीवर एक अँटेना, घरात एक, मध्ये सिग्नल वाढवणारी पेटी. टीव्हीचा बूस्टर बिघडला तर फार तर आपले चित्र जाते. मोबाइलचा बूस्टर टॉवरकडेही प्रसारण करतो. आतल्या आणि बाहेरच्या अँटेनात पुरेसा आडोसा नसेल, तर स्पीकरसमोर धरलेल्या माइकसारखी पेटी स्वतःचाच आवाज वाढवत सुटते. तो गोंगाट टॉवरच्या कानात शिरतो आणि आसपासच्या सगळ्यांचे कॉल तुटू लागतात. एका घराचा इलाज गल्लीचा आजार होतो. परवान्याविना बिनतार यंत्र बाळगण्यास १९३३चा कायदा मनाई करत होताच. २०२२मध्ये दूरसंचार विभागाने पुन्हा बजावले की परवानाधारक कंपन्यांखेरीज कोणीही असा बूस्टर बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदा आहे. ऑनलाइन विक्रेत्यांनाही तंबी मिळाली.

सगळीकडे असे नाही. अमेरिकेच्या नियामकाने २०१३मध्ये ठरावीक दर्जाचे बूस्टर नोंदणी करून वापरण्याची मुभा ग्राहकांना दिली, ब्रिटनने २०१८मध्ये काही प्रकार परवानामुक्त केले. म्हणून तिकडच्या नातेवाइकांना इथली मनाई अजब वाटते. पण त्यांनी बॅगेतून आणलेली पेटी इथे बेकायदा तर आहेच, शिवाय अमेरिकेतली असेल तर बहुतेक पट्टे जुळत नसल्याने निरुपयोगीही.

परदेशात आणखी एक वाट निघाली होती: फेमटोसेल, म्हणजे घरच्या ब्रॉडबँडला जोडलेला चिमुकला टॉवर. ब्रिटनमध्ये व्होडाफोनने २००९मध्ये तो विकायला आणला. भारतात घरोघरी फायबर पोहोचायला इतका उशीर झाला की तोवर त्याहून सोपा उपाय हाती आला होता. डिसेंबर २०१९मध्ये एअरटेलने दिल्ली परिसरात वाय-फाय कॉलिंग सुरू केले, जानेवारी २०२०मध्ये जिओने देशभर. नंबर तोच, डायल करायची रीत तीच, फक्त कॉल राउटरमधून जातो. बहुतेक घरांसाठी आजचा खरा उपाय हाच आहे, आणि फोनच्या सेटिंगमध्ये तो बंद पडून असतो. घरातली रेंज सुधारण्याचा खर्च अशा रीतीने कंपनीकडून ग्राहकाच्या ब्रॉडबँड बिलात सरकला, हेही खरे. शिवाय वीज गेली की राउटरबरोबर फोनही गप्प. इन्व्हर्टरची एक वायर राउटरला आणि फायबरच्या डबीला द्यावी लागते.

मोठ्या इमारतींत कंपन्या आतूनच केबल आणि छोटे अँटेना टाकतात. तिथे अडते ते पैशांवर. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईची मेट्रो ३ धावू लागली तेव्हा भुयारात फोन मुके होते. तंत्र उपलब्ध होते, वाद जागेच्या वापराचा आणि शुल्काचा होता. त्याच महिन्यात ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन, म्हणजे स्टार रेटिंग, देण्याचे नियम काढले. इमारतीच्या आत जाऊन रेंज मोजायची, बिल्डरने केबलसाठी जागा आधीच ठेवायची आणि ती सर्व कंपन्यांना सारख्याच अटींवर खुली ठेवायची, असा त्यामागचा विचार. मूल्यांकन मालकाने किंवा बिल्डरने स्वतःहून मागायचे आहे. जुन्या सोसायटीने ते मागितले, तरी जिन्यातून केबल कोणाच्या खर्चाने जाणार हा विषय सर्वसाधारण सभेतच सुटायचा आहे.