नारळपाणी आणि घामाचा हिशोब

व्यायामानंतर नारळपाणी प्यावं की स्पोर्ट्स ड्रिंक, या चर्चेत नारळपाण्याची बाजू घेणारे लगेच पोटॅशियमचं नाव काढतात. त्यात खोटं काहीच नाही. १०० मिलिलिटर नारळपाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे भरपूरच. पण घामावाटे शरीरातून जातं ते मुख्यतः सोडियम. सगळी गोम इथेच आहे.

हिशोब मांडून पाहू. एक लिटर घामातून सरासरी ९०० ते १००० मिलिग्रॅम सोडियम जातं. यात माणसागणिक फरक खूप असतो. कुणाचं ४५० मिलिग्रॅमच जातं, तर कुणाचं १८०० पर्यंत. घाम वाळल्यावर ज्यांच्या कपड्यांवर पांढरे पट्टे उमटतात, ते सहसा दुसऱ्या गटातले. पोटॅशियम मात्र लिटरमागे १५० ते ३०० मिलिग्रॅमच जातं. आता एक लिटर नारळपाणी प्यायलं, तर पोटॅशियम दोन हजार मिलिग्रॅमच्या पुढे मिळतं आणि सोडियम बहुधा काहीशे मिलिग्रॅम. नेमका आकडा झाडाच्या जातीवर, मातीवर आणि नारळ किती कोवळा आहे यावर ठरतो. थोडक्यात, जे कमी गेलं ते कितीतरी पट परत आलं आणि जे जास्त गेलं ते अपुरंच राहिलं.

सोडियमला एवढं महत्त्व का? पोटॅशियमचं ठाणं पेशींच्या आत, तर सोडियमचं पेशींबाहेरच्या द्रवात आणि रक्तात. रक्तातलं पाणी धरून ठेवण्याचं काम सोडियम करतं. घाम गेल्यावर नुसतंच पाणी भरपूर प्यायलं, की रक्त पातळ होतं, मूत्रपिंडं जादा पाणी बाहेर टाकतात आणि प्यायलेल्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तासन्‌तास असं पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांमध्ये सोडियम कमी झालेलं आढळलं. गरजेपेक्षा जास्त द्रव पिणं हे त्याचं मोठं कारण होतं.

मग नारळपाणी खेळाडूंच्या कामाचं नाही का? तसं मुळीच नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १२ व्यायामपटूंना ट्रेडमिलवर भरपूर घाम गाळायला लावलं आणि नंतर वेगवेगळ्या वेळी साधं पाणी, नारळपाणी आणि स्पोर्ट्स ड्रिंक दिलं. पुढच्या व्यायामात ते किती तग धरतात, यात फारसा फरक पडला नाही. मात्र नारळपाणी प्यायल्यावर पोट फुगल्याची तक्रार जास्त आली. त्याआधी मलेशियातल्या संशोधकांनी नारळपाण्यात सोडियम मिसळून पाहिलं होतं. ते मिश्रण शरीरातलं पाणी भरून काढण्यात स्पोर्ट्स ड्रिंकच्या तोडीचं ठरलं आणि पोटालाही सोसलं. मला यातला हा दुसरा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो, कारण नारळपाण्याची उणीव किती सहज भरून काढता येते, हे त्यातून कळतं.

तासाभराच्या आतला व्यायाम असेल, तर साधं पाणीही पुरतं. नारळपाणी आवडत असेल तर खुशाल प्यावं. त्यात १०० मिलिलिटरमागे तीन ते पाच ग्रॅमच साखर असते, गोड शीतपेयांच्या निम्म्याहून कमी. दीड-दोन तास घाम निथळणार असेल, तर एक लिटर नारळपाण्यात पाव चमचा मीठ घालावं. त्याने सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियमची भर पडते. जुलाब-उलट्यांत मात्र ओआरएसच द्यावं. आतड्याच्या अस्तरातली वाहक प्रथिनं सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणी येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात हे दोन्ही घटक त्यासाठी योग्य प्रमाणात बसवलेले आहेत. त्यात लिटरमागे सुमारे १७०० मिलिग्रॅम सोडियम असतं, नारळपाण्यापेक्षा कितीतरी जास्त.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नारळपाणी रोज पिऊ नये. रक्तात पोटॅशियम साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

हे पाणी नारळात येतं कुठून, हे फार सुंदर प्रकरण आहे. ते म्हणजे बीजातला द्रवरूप भ्रूणपोष, रोपाच्या गर्भासाठी साठवलेलं अन्न. सुरुवातीला त्यातली पेशीकेंद्रकं विभागत राहतात, पण त्यांच्यामध्ये भिंती उभ्या राहत नाहीत. पुढे करवंटीच्या बाजूने आतल्या दिशेने भिंती बांधल्या जाऊ लागतात. आधी बुळबुळीत मलई धरते, मग तिचं घट्ट खोबरं होतं. पाणी आणि खोबरं ही एकाच ऊतीची दोन रूपं. या पाण्यात वनस्पतींच्या पेशींना विभागायला लावणारी संप्रेरकंही असतात. १९४१ साली योहानेस व्हॅन ओव्हरबीक आणि सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे भ्रूण नारळाच्या द्रवाच्या मदतीने वाढवून दाखवले. ऊतिसंवर्धनाच्या, म्हणजे वनस्पतीच्या तुकड्यांपासून रोपं वाढवणाऱ्या, प्रयोगशाळांत नारळपाणी आजही वापरतात.

खोबऱ्यापासून निघालेलं तेल मात्र वेगळ्या निकषावर जोखायला हवं. पाण्यात मेद जवळजवळ नसतोच, तर खोबरेल तेलातला ८० टक्क्यांहून अधिक मेद संपृक्त असतो. त्यातलं सुमारे निम्मं लॉरिक आम्ल. ‘मध्यम लांबीचं मेदाम्ल आहे, थेट यकृतात जाऊन जळतं’ असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. ते प्रामुख्याने आठ आणि दहा कार्बनच्या मेदाम्लांना लागू पडतं. बारा कार्बनचं लॉरिक आम्ल बऱ्याच अंशी लांब मेदाम्लांसारखंच लसिकेच्या (रक्तवाहिन्यांहून वेगळ्या नलिकांतून वाहणाऱ्या द्रवाच्या) वाटेने रक्तात जातं. २०२० मध्ये १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह अशा तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅमने वाढल्याचं त्यात दिसलं. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉलही वाढलं, पण ते चारच मिलिग्रॅमने.

खोबरेल तेलाच्या बाजूने पॅसिफिकमधल्या टोकेलाऊ बेटांचा दाखला यावर नेहमी दिला जातो. तिथल्या लोकांना एकेकाळी निम्म्याहून अधिक ऊर्जा नारळातून मिळत असे आणि हृदयविकार क्वचितच आढळे. पण त्यांच्या आहारात मासे होते, साखर अगदी कमी होती आणि नारळ मुख्यतः तेल म्हणून नव्हे, खोबरं म्हणून पोटात जात होता. शिवाय नारळ कमी खाणाऱ्या पुकापुका बेटावरच्या लोकांपेक्षा त्यांचं कोलेस्टेरॉल जास्तच होतं.

नारळाच्या दुधात हाच मेद उतरतो, म्हणून ते बेतानेच घ्यावं. नारळाच्या पिठात तंतू भरपूर असतात, ही त्याची खरी जमेची बाजू. फुलोऱ्याच्या रसापासून केलेली नारळसाखर शेवटी साखरच आहे.

केसांसाठी मात्र खोबरेल तेलाच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. २००३ साली भारतीय संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुताना आणि विंचरताना केसांतलं प्रथिन झडणं फक्त खोबरेल तेलाने कमी झालं. लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा असतो, त्यामुळे तो केसाच्या दांड्यात आतपर्यंत शिरू शकतो.