मूक्स अभ्यासक्रम आणि मुक्त शैक्षणिक संसाधने: विनामूल्य प्रवेश वेगळा, वापराचा हक्क वेगळा

विद्यापीठांतील शिक्षण इंटरनेटवर विनामूल्य मिळू लागल्यापासून दोन गोष्टींची सर्रास गल्लत केली जाते. पहिली म्हणजे मूक्स: कोणीही नाव नोंदवून शिकावेत असे, एका वेळी हजारो विद्यार्थ्यांना सामावून घेणारे ऑनलाइन अभ्यासक्रम. दुसरी म्हणजे मुक्त शैक्षणिक संसाधने: जी स्वतःजवळ ठेवण्याची, बदलण्याची आणि पुन्हा वाटण्याची मुभा कर्त्याने परवान्याद्वारे आधीच देऊन ठेवलेली असते अशी पाठ्यपुस्तके, टिपणे, प्रश्नसंच आणि व्याख्यानांच्या चित्रफिती. दोन्हींसाठी सुरुवातीला पैसे मोजावे लागत नाहीत, दोन्हींच्या मागे बहुधा नामवंत विद्यापीठे असतात आणि पडद्यावर दोन्हींचे रूप जवळजवळ सारखेच असते. नुसते पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. परंतु एखाद्या प्राध्यापकाने त्या सामग्रीच्या आधारे स्वतःचा विषय शिकवायचे ठरवले, की तो लगेच आडवा येतो.

कालक्रमाने पाहिल्यास मुक्त संसाधने आधीची आहेत. 2001 च्या एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटीने, आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य ओपनकोर्सवेअर या नावाने सर्वांसाठी विनामूल्य प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले. त्याच सुमारास काही विद्यापीठे ऑनलाइन शिक्षण विकून उत्पन्न मिळवण्याच्या खटपटीत होती. कोलंबिया विद्यापीठाचा फॅदम हा तसाच एक उपक्रम 2003 मध्ये गुंडाळावा लागला. एमआयटीने मात्र या योजनेतून पदवी मिळणार नाही, प्राध्यापकांशी संपर्कही होणार नाही, मिळेल ते केवळ साहित्य, असे स्पष्ट केले होते. 2002 मध्ये युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत अशा साहित्याला मुक्त शैक्षणिक संसाधने ही संज्ञा मिळाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे पहिले परवाने, म्हणजे कर्त्याने वापराची परवानगी आधीच देऊन ठेवण्याचे तयार मसुदे, आले. हा योग महत्त्वाचा होता, कारण कॉपीराइटचा कायदा गप्प बसलेल्या लेखकाची संमती गृहीत धरत नाही. परवानगी लिहून ठेवलेली नसेल, तर जालावर कोणालाही दिसणारे साहित्यसुद्धा पूर्णपणे राखीवच राहते. मुक्त शिक्षणाचे पुरस्कर्ते डेव्हिड विली यांनी या परवानगीची फोड पाच हक्कांत केली आहे: स्वतःजवळ ठेवणे, वापरणे, सुधारणे, इतर साहित्याशी मिसळणे आणि पुन्हा वाटणे. यांतील स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क त्यांनी नंतर जोडला, आणि माझ्या मते तोच बाकीच्यांचा पाया आहे.

मूक्सची सुरुवात 2008 मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात झाली. जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांच्या एका अभ्यासक्रमाला शुल्क भरणारे सुमारे 25 विद्यार्थी होते आणि जालावरून विनामूल्य सामील झालेले सुमारे 2,200. तिथे साहित्याचे वाटप आणि सहभाग यांच्यात भिंत नव्हती. शिकणारेच आपापल्या ब्लॉगवर लिहून अभ्यासक्रमात भर घालत होते. 2011 मध्ये स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गाला सुमारे 1,60,000 जणांनी नावे नोंदवली आणि चित्र पालटले. 2012 मध्ये उडासिटी, कोर्सेरा आणि एडएक्स एकापाठोपाठ सुरू झाले. त्यांतील पहिल्या दोन गुंतवणूकदारांच्या पैशावर उभ्या असलेल्या कंपन्या होत्या, तर एडएक्स हार्वर्ड आणि एमआयटी यांनी प्रत्येकी 3 कोटी डॉलर देऊ करून ना-नफा तत्त्वावर स्थापन केले होते. पुढे 2021 मध्ये तेही 2यू या कंपनीला सुमारे 80 कोटी डॉलरना विकण्यात आले. उत्पन्नाची गरज वाढत गेली तसतसा विनामूल्य भाग आखडत गेला: व्याख्याने पाहता येतात, पण अनेक ठिकाणी स्वाध्यायांचे गुणांकन आणि प्रमाणपत्र यांसाठी शुल्क द्यावे लागते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेला संभाव्यतेवरील एक उत्तम प्रकरण सापडले आहे. त्यातील उदाहरणे आपल्या विद्यार्थ्यांच्या विषयानुसार बदलून, मराठीत आणून ते वर्गात द्यावे, असे तिच्या मनात आहे. ते प्रकरण राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमाच्या केवळ नामनिर्देशाची अट असलेल्या पुस्तकातील असेल, तर तिने मूळ लेखकांचा आणि परवान्याचा उल्लेख करावा, आपण बदल केले आहेत हे नमूद करावे, की काम झाले. कोणाला पत्र लिहिण्याची आवश्यकता नाही. परवान्यात बिगरव्यापारी वापराची अट असेल, तर तिला भाषांतर विकता येणार नाही. समान परवान्याची अट असेल, तर तिचे भाषांतरही त्याच परवान्याखाली द्यावे लागेल. आणि बदल करण्यास मनाई असेल, तर भाषांतर वाटताच येणार नाही, म्हणून अशा साहित्याला काटेकोर अर्थाने मुक्त संसाधन म्हणत नाहीत. तेच प्रकरण एखाद्या मूक्स अभ्यासक्रमाचे असेल, तर सेवेच्या अटींनुसार बहुधा ते वैयक्तिक शिक्षणापुरतेच वापरता येते. विद्यार्थ्यांना तिथे नाव नोंदवायला सांगणे, एवढाच मार्ग तिच्याकडे उरतो.

साहित्य काढून घेतले जाते तेव्हा हा फरक किती खोल आहे ते कळते. जून 2016 मध्ये कोर्सेराने आपली जुनी प्रणाली बंद केली, तेव्हा तिच्यावरील अनेक अभ्यासक्रम दिसेनासे झाले. ज्यांनी घाईघाईने चित्रफिती उतरवून घेतल्या त्यांच्याकडे त्या राहिल्या, पण त्या सर्वांसाठी पुन्हा मांडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. याउलट मार्च 2017 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने 20,000 हून अधिक व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती सार्वजनिक वापरातून काढून घेतल्या. कर्णबधिर आणि इतर अपंग व्यक्तींना हे साहित्य वापरता येत नसल्याचा निष्कर्ष अमेरिकेच्या न्याय विभागाने काढला होता, आणि ती तक्रार रास्तच होती, हेही नोंदवले पाहिजे. तथापि, त्यांतील बहुतेक व्याख्यानांवर नामनिर्देशासह बिगरव्यापारी पुनर्वितरणाची मुभा देणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असल्याने एलबीआरवाय या कंपनीने त्यांच्या प्रती उघडपणे जालावर ठेवल्या.

म्हणून मूक्स कमी प्रतीचे ठरतात असे नाही, कारण त्यांचे काम निराळे आहे. साहित्य कितीही चांगले असले, तरी आठवड्याचे वेळापत्रक, स्वाध्यायाची अंतिम तारीख, चुकलेल्या उत्तरावर मिळणारा तत्काळ प्रतिसाद आणि सोबत शिकणाऱ्यांचा चर्चामंच या गोष्टी पुस्तकाच्या पीडीएफमध्ये नसतात. अर्थात, एवढे करूनही नाव नोंदवणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत टिकणारे थोडेच असतात. जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाने 2014 मध्ये मूक्सच्या तंत्रावर संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी सुमारे 7,000 डॉलरच्या शुल्कात देऊ केली, ती चांगलीच टिकली. पण तिथे प्रवेशप्रक्रिया आहे, शुल्क आहे आणि मूल्यमापन करणारी माणसे आहेत.

दोन्ही एकत्रही येऊ शकतात. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठ आपल्या मूक्सचे साहित्य मुक्त परवान्याखालीही प्रसिद्ध करते, म्हणजे तिथे वर्गाची वेळ संपली तरी साहित्य हाती राहते. एडएक्सच्या बाबतीत आणखी एक गोंधळ होतो: ज्या सॉफ्टवेअरवर ते चालते त्याची मूळ संहिता (सोर्स कोड) ओपन एडएक्स या नावाने 2013 पासून खुली आहे, परंतु त्यामुळे त्यावर मांडलेला अभ्यासक्रम आपोआप मुक्त होत नाही.

मुक्त संसाधनांची दुखरी बाजू देखभालीची आहे. परवाना कायम राहतो, पण दहा वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामिंगच्या टिपणांतील आज्ञा नव्या आवृत्तीत चालत नाहीत आणि त्या दुरुस्त करण्याचे वेतन कोणालाच मिळत नसते. मूक्स चालवणाऱ्या कंपनीला जुना अभ्यासक्रम अद्ययावत करण्यात किंवा बंद करण्यात आर्थिक हित असते. मुक्त पुस्तकाच्या बाबतीत ते काम अनुदानावर, ग्रंथालयांच्या निधीवर किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या सुटीवर अवलंबून राहते. पाठ्यपुस्तकांची निवड करणाऱ्या अभ्यासमंडळाने म्हणूनच परवान्याबरोबर शेवटच्या सुधारणेची तारीखही पाहावी.